अंजिरांची झबली

प्रिय भिंगरी,

तुझी आठवण आली म्हणून लिहायला बसले, असं लिहिणार होते. पण आठवण यायला आधी जावी तरी लागते ना गं. मागच्या अंगणात तुझ्या अंजिराखाली खुर्ची टाकून बसले आहे. दुपार आहे. तुझी आई आत जरा आडवी झाली आहे, बाबा ऑफिसात गेलाय. या वेळी झाडाखालचा उजेड असा हिरवा होतो, की वाटतं आपण तळ्याच्या तळाशी बसलोय आणि जग वर कुठेतरी लांबून चाललंय. शेजारची भांड्यांची खळखळसुद्धा पाण्यातून आल्यासारखी येते. मधूनच माझे डोळे मिटतात, तेव्हा एखादी ओळ उतरणीला लागली तर समज की म्हातारी पेंगली.

काय लगडलंय म्हणून सांगू झाड! शाळेतून ओल्या फडक्यात गुंडाळून तू एक काडी आणलीस आणि तेलाच्या डब्यात खोचलीस, तेच हे, हे खरं वाटत नाही. आता ते पन्हळीच्या वर गेलंय. पण तेच झाड तोडायचं तुझ्या बाबाने ठरवलं होतं, हे तुला आईने फोनवर सांगितलं नसणार. ती कशाला सांगेल, तुम्हा बापलेकीच्या अबोल्यात ती आधीच इकडचं तिकडे पोचवून दमली आहे.

तू ऑफिस सोडून त्या सुतारकामाच्या कारखान्यात गेलीस ना, त्यानंतर बाबाला एकाएकी गाडीसाठी अंगणात जागा हवीशी झाली. इतकी वर्षं गाडी रस्त्यावर उभी आहे, तिने कधी तक्रार केली नव्हती. पण नाही. "या झाडाचा घराला उपयोग काय? फळ पाखरं खातात आणि पाला आपण झाडतो," म्हणाला. एक दिवस करवतवाला माणूस आणून बुंधाही दाखवला. मी आडवी आले. म्हटलं, "अरे, फळं धरलीत, एवढी पिकू तर दे." तेव्हा म्हणाला, "बरं. या हंगामात एक ताटलीभर अंजीर टेबलावर आलं, तर राहील झाड. नाहीतर मग मला अडवायचं नाही." आणि दारातून मागे वळून, "आणि आई, बाजारातलं आणून ठेवायचं नाही हं." बघ, किती ओळखतो मला!

झालं, तेव्हापासून मी झाडाची राखणदार. अंजीर म्हणजे काही केळं नव्हे, हिरवं उतरवलं आणि डब्यात घालून पिकवलं. ते झाडावरच पिकतं. आधी हट्टी पोरासारखं ताठ उभं असतं, मग एके दिवशी मान टाकतं, अंगावर जांभळी छटा येते आणि बुडाशी मधाचा एक थेंब डोकावतो. तो थेंब आपल्याला दिसायच्या आधी बुलबुलाला दिसतो. मुंग्यांसाठी मी बुंध्याला ग्रीस फासलेलं फडकं गुंडाळलं, त्या मुकाट्याने परत गेल्या. खारीला नुसतं "हड्" म्हटलं तरी पुरतं, लाजरी आहे बिचारी. पण बुलबुल! डोक्यावर तुरा काय, शीळ काय, आणि खाणं कसं, तर प्रत्येक फळाला एकेक भोक पाडून पुढच्याकडे. अरे, एक धर आणि संपव की!

पहिल्यांदा जाळी टाकली. दुसऱ्याच सकाळी त्यात एक बुलबुल पाय अडकून उलटा लोंबत होता. मी त्याला मुठीत धरला तर ते एवढंसं काळीज शिवणयंत्रासारखं चाललेलं. कात्री आणून सगळी जाळी कापली. भिंतीपलीकडून आपले टेलर मास्तर बघत होते. "वाहवा वहिनी, चोर सोडवायला जाळी फाडलीत. आता त्याला चहा पण विचारा," म्हणाले. मग त्यांनीच सुचवलं, की फळांना पिशव्या शिवा.

म्हणून मी झबली शिवायला घेतली. बाळाला घालतो तशी, गळ्याशी नाडीची. कापड घरातलंच. तुझा निळा फ्रॉक निघाला ट्रंकेतून, आईच्या खोलीचा जुना पडदा, आजोबांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. तो मी इतकी वर्षं कुणालाच दिला नव्हता. कात्री लावताना हात थोडा थांबला, पण मग म्हटलं, चला हो, किती दिवस घडीत झोपून राहाल, या बाहेर वाऱ्यावर.

आणि काय घोटाळा केला सांगू? जे फळ मान टाकेल, त्यालाच झबलं घालायचे. मला वाटे, हिरव्याला कशाला कापड वाया घालवा. बुलबुलाने ते बघून ठेवलं! जिथे झबलं तिथे पिकलेलं, एवढं त्याच्या तुऱ्याखाली बरोबर शिरलं. आता त्याला शोधायचेही कष्ट नाहीत, सरळ झबल्यावर येऊन बसायचा आणि कापडातून चोच खुपसायचा. टेलर मास्तर तर भिंतीला धरून हसले. "वहिनी, तुम्ही तर त्याला पंगतीत पाट मांडून दिलात!"

मग मी सगळ्यांनाच झबली घातली. हिरव्यांना, पिकल्यांना, आणि नुसत्या फांद्यांनासुद्धा आत सुका पाला भरून. एक दिवस त्या बुलबुलाने आजोबांच्या पायजम्यात मोठ्या आशेने चोच घातली आणि पाला निघाला. त्याचं तोंड बघायला हवं होतंस तू! अगदी आजोबा भाजीत मीठ कमी लागल्यावर करायचे तसं.

तर आता झाड असं दिसतं, की घरातली सगळी जणं त्यावर येऊन बसलीत. वारा आला की तुझा फ्रॉक हलतो, पडदा हलतो, पायजम्याचे पट्टे हलतात. मी खाली बसून बघत राहते. डोळा लागला की झबल्यांमधून कुजबुज ऐकू येते. परवा तर वाटलं, आजोबा वरून म्हणतायत, जरा सैल बांध की गळ्याशी. मी झोपेतच हात वर केला आणि खुर्चीवरून घसरता घसरता वाचले. भूल पडते गं या सावलीत. जुनं कुठलं, आत्ताचं कुठलं, कळेनासं होतं, आणि मला ते कळून घ्यायचंही नसतं.

पण ताटली काही भरेना! झबली शाबूत, एकाला भोक नाही, आणि मी मोठ्या थाटात नाडी सोडावी तर आत नुसता देठ. एकदा झालं, दोनदा झालं. मी खारीला बोल लावला, वटवाघळाला लावला. मग एका सकाळी बघते तर नाडीला वेगळीच गाठ. माझी गाठ फुलासारखी असते, ओढलं की सुटणारी. ही होती दोनदा पीळ देऊन करकचून आवळलेली. पाखरू एक वेळ गाठ सोडेल, पण खाऊन झाल्यावर परत बांधून ठेवणारं पाखरू कुठलं?

म्हणून पहाटे उठून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. अंगणात धुकं होतं, झाड दुधात बुडवल्यासारखं. आणि त्या दुधातून आला कोण? तुझा बाबा! खाली ऑफिसची पँट, वर बनियन, पायात काही नाही. एक झबलं हळूच चाचपलं, सोडलं दुसरं. अंजीर सालासकट तोंडात टाकलं आणि डोळे मिटून उभाच राहिला कितीतरी वेळ, जसं काही कुणीतरी त्याच्या डोक्यावरून हात फिरवतंय. रस हनुवटीवरून बनियनवर. मग दोनदा पीळ देऊन गाठ मारली आणि चोरपावलांनी आत. मी तोंडात पदर कोंबून हसले गं. आणि मग डोळे पुसायलाही तोच पदर लागला. लहानपणी साखरेच्या डब्याचं झाकणही हा असाच घट्ट लावून ठेवायचा, म्हणजे कळू नये.

दुसऱ्या दिवसापासून खालच्या फांदीवरची झबली जरा सैल बांधायला लागले, त्याच्या हाताला येतील अशी.

पण चिंता होतीच. हंगाम सरत आला, आणि या रविवारी चहाच्या वेळेला तो करवतवाला दारात उभा. होती नव्हती ती चार अंजिरं ताटलीत मांडली, पसरून पसरून, तरी ताटलीचं नक्षीकाम सगळं दिसतच होतं. टेबलावर ठेवली आणि देवाचं नाव घेत उभी राहिले. बाबाने ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बसल्या जागेवरून त्या माणसाला म्हणाला, "ताटली भरली हो. राहू द्या." तो माणूस ताटलीत डोकावून म्हणाला, "साहेब, ही भरली?" तर बाबा म्हणतो, "भरलीच आहे. आणि याला वर्षातून दोनदा बहर येतो म्हणे. तुम्ही चहा घ्या." तुझी आई कपात फुर्रकन हसली, चहा टेबलक्लॉथभर. माझा हा पोरगा आता पन्नाशी ओलांडून गेलाय, पण त्या घटकेला उचलून कडेवर घ्यावासा वाटला.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. काल सकाळी वर पाहिलं, तर अगदी शेंड्याला, जिथे माझी काठीही पोचत नाही, दोन अंजिरांवर मिळून काहीतरी गडद निळं चढवलेलं. म्हटलं, हे झबलं मी शिवलेलं नाही. डोळ्यांवर हात धरून पाहिलं, तर मोजा! बाबाचा ऑफिसचा नवा कोरा मोजा, वर दोनदा पीळ दिलेली गाठ. शिडी भिंतीला तशीच टेकलेली. मी विचारलं, "अरे, एवढ्या वर कुणासाठी राखलीस ती?" तो बूट शोधायचं निमित्त करून वाकला आणि म्हणाला, "शेंड्यावर कोण चढायचं या घरात?" एवढंच. एका पायात निळा आणि एका पायात राखाडी मोजा घालून ऑफिसला गेला. भिंगरी, तो फोन करणार नाही. त्याच्या तोंडून याहून जास्त निघेल, असं मला तरी वाटत नाही. पण त्या दोन अंजिरांनी आज मान टाकली आहे. तेव्हा कारखान्यात दोन दिवसांची रजा सांग, आणि ये.

तुझीच, मान वर करकरून दुखायला लागलेली,
आजी