जहाजावरची मधली भिंत

डिंभे,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

हिरास म्हाळसाबाईचे अनेक आशीर्वाद. मी बरी हाये. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागेवर हाये. तुझी खुशाली कळली. कशी कळली, तेच सांगायला बसलेय.

पहिला आला तो तुझा स्वराज. रविवारी सकाळी दारात मोटारसायकल थांबली, हेल्मेट घातलेलं पोरगं आत आलं आणि वाकून पाया पडलं. मला वाटलं लाइटीचा मीटर बघायला आलाय. म्हटलं, आता मीटरवाले पाया बी पडाय लागले, बिल वाढलं असंल. त्याला मागल्या भिंतीकडं नेलं, मीटरवरचं जाळं पदरानं पुसलं, म्हटलं घे बाबा. पोरगं इतकं सालस, की त्यानं आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. मंग हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "मोठी आजी, मी डिंगोऱ्याचा. हिराआजीचा नातू."

मी तिथंच पायरीवर बसले. जिवणी तुझी, हसताना तोंडावर हात धरायची खोड बी तुझीच. उंची मातर आपल्यात कुणाची न्हाई, ती सुनेच्या माहेरची असंल.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहितेय, तवा चुका काढू नको. तू चौथी शिकलीस आणि मी तिसरी, हे तू मला धाकटी जाऊ म्हणून आल्यावर पहिल्या आठवड्यात सांगितलं व्हतंस, ते माझ्या ध्यानात हाये. फोन केला असता, पर मी हॅलो म्हटलं की तू फोन सुनेच्या हातात देतेस. पत्र कुणाच्या हातात देशील? ते तुलाच वाचाय लागंल.

तर स्वराजला च्या दिला तेवढ्यात माझा जालिंदर त्याच्या लेकीला, राजनंदिनीला, मंचरहून घेऊन आला. पुण्याला नोकरी करते ती आता, दोन महिन्यांनी घरी आली. म्हटलं आता वळख करून द्यावी, ही माझी नात, हा तुझा चुलत भाऊ. तर ती त्याला म्हणते, "काय रे, माझ्या आधी पोचलास?" जालिंदर माझ्याकडं बघतो, मी जालिंदरकडं बघते.

हिरे, ही दोघं अवसरीच्या कालेजात चार वर्षं एका वर्गात व्हती. आडनाव एक, गाव इचारलं, आजीचं नाव इचारलं, झालं. चार वर्षं एका डब्यात जेवली. माझ्या हातची जवसाची चटणी तुझ्या नातवानं खाल्ली आणि तुझ्या बाजरीच्या भाकरी माझ्या नातीनं. मी आपली इकडं म्हणायची, पोरगी लई जेवते, रोज चार भाकरीची चटणी नेते. आपुन चुली येगळ्या ठेवल्या आणि ह्यांनी डबा एक केला. मला राग यायला पायजे व्हता. आला न्हाई. मी आत जाऊन उगाच डबे हालवले आणि डोळे पुसून बाहेर आले.

मंग खरं काम निघालं. दोघांनी मिळून ठरवलंय, की मला समुद्रावर न्यायचं. जहाजातनं. मुंबईहून निघायचं, गोव्याला जाऊन परत यायचं, तीन रातीचा मुक्काम जहाजावरच. मला मंचरला जाताना गाडीत मळमळतं, हे सगळ्या डिंभ्याला ठाव हाये. स्वराज म्हणाला, हे जहाज आपल्या गावाएवढं असतं, हालतंय ते कळत बी न्हाई. मी म्हटलं, न हालता गोव्याला कसं जातं मंग?

आणि वाद कशाचा, तर खोली कुठली घ्यायची. राजनंदिनी म्हणते सगळ्यात वरची, राजेशाही. स्वीट म्हणतात तिला. जालिंदर म्हणतो सगळ्यात खालची, खिडकी नसलेली. म्हणाला, "खिडकी नसली म्हणून जहाज काय मागं राहतं का?" भाड्यात फरक किती ते मी लिहीत न्हाई, कागद फाटंल.

स्वराजनं मला फोनवर ती राजेशाही खोली फिरवून दाखवली. आत गेल्यावर बसायची खोली, मंग मधे भिंत, तिला सरकतं दार, मंग झोपायची खोली, मंग समुद्राकडं तोंड करून गच्ची. न्हाणीत एक पांढरी लांबडी कुंडी, अख्खं माणूस आडवं होईल एवढी. आपुन मेंढरं औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचो, हुबेहूब तशी. मी त्यात पाय घालणार न्हाई, गोचीड झाल्यागत वाटंल. उशा सात परकारच्या. कुठली पायजे ती सांगायची, आणून देतात. आणि तीन दिवस एक माणूस नुसता आपल्यासाठी राखून ठेवलेला. तो आपली पिशवी उघडून लुगड्यांच्या घड्या कपाटात लावतो. मी म्हटलं, त्यानं माझी मिसरीची डबी कुठं ठेवली तर मी ती कुठल्या भाषेत मागू?

पर माझं मन कशानं मोडलं, तर जेवणानं. त्या खोलीवाल्यांची जेवायची जागा येगळी. हजार माणूस खाली एका ठिकाणी जेवणार आणि आपल्याला वर नेऊन येगळं वाढणार. राजनंदिनी हे लई कौतुकानं सांगत व्हती. मी म्हटलं, बाई, आपल्यात येगळं कुणाला वाढतात? ज्याचं घरात कुणाशी पटत न्हाई, त्याला. त्याला एवढं भाडं कशाला? ते तर आमाला फुकट मिळालं व्हतं.

आता तू म्हणशील म्हातारी आली त्या गोष्टीवर. न्हाई आले. मला बाळ्याचं नाव बी घ्यायचं न्हाई. खोलीचंच सांगतेय.

मी माझ्या हिशेबानं बघितलं. मेंढरं घेऊन हिंडताना पाल कुठं टाकायचं ते मामंजी कसं ठरवायचे? वारा कुठनं येतो, पाणी किती लांब, आणि पडल्या पडल्या मेंढरं दिसतात का. ह्या वरच्या खोलीला वारा हाये. पाणी तर इचारूच नको. मेंढरं न्हाईत, पर ती आता कुणाकडं हायेत? जालिंदरच्या खोलीला तिन्हींतलं काहीच न्हाई. खिडकी नसंल तर उजाडलं ते कुणाला इचारायचं? आणि मधली एक खोली बी हाये म्हणे, लहान, दोन खाटा जवळजवळ, एक खिडकी, जेवायला सगळ्यांच्यात. मी म्हटलं, मला ही चालंल. दोन खाटा कशाला पर? एकीवर काय मिसरीची डबी ठेवू?

तवा राजनंदिनी नखं बघाय लागली. स्वराज म्हणाला, "दुसरी खाट आमच्या आजीची."

जालिंदर उठून म्हशीला बघायला गेला, म्हशीला काय झालं नसताना. मंग राजनंदिनीनं सगळं सांगितलं. म्हणाली, "आजी, म्हणून तर स्वीट बघतोय. मधल्या खोलीत दोन खाटांत हातभर जागा, तुमी दोघी बोलत न्हाई, तीन दिवस काय करणार? वरच्या खोलीत निदान मधे भिंत हाये." म्हंजे पोरं त्या सात उशांचे आणि गच्चीचे पैसे देत न्हाईत, हिरे. ती भिंतीचे देतायत.

मंग इचारलंच त्यांनी. काय झालं व्हतं तुमच्यात? मी म्हटलं, मेंढा. दोघं इतकी हसली की स्वराजला ठसका लागला. "मेंढ्यावरनं अठ्ठावीस वर्षं?" हसू दे, मी बी हसले थोडी. मंग मी त्याला सहज, अगदी सहज इचारलं, की तुझी आजी काय सांगते त्या दिवसाचं? तो म्हणाला, "तिला कितीदा इचारलं. म्हणते, दोर कुणाच्या हातात व्हता ते त्या मेंढ्याला ठाव."

बस. एवढंच म्हणाला. आणि मी दोन दिवस झाले जेवते, झोपते, म्हशीला वैरण टाकते, पर ध्यान सगळं तिथंच. मला वाटायचं तू डिंगोऱ्यात घरोघर सांगितलं असशील. मी तसं धरूनच चालले व्हते, त्यामुळं माझं बरं चाललं व्हतं. तू पोटच्या नातवाला बी सांगितलं न्हाईस.

तर आता बाळ्याचं, त्या मेंढ्याचं, नाव घेते.

मेंढरं काठाकाठानं पायी गेली व्हती आणि बाळ्याच्या खुराला लागलं व्हतं, म्हणून मामंजींनी आपल्या दोघींना त्याच्यासंगं गेणूच्या होडीत बसवलं. धरणाचं पाणी बघून तू गाणं म्हणत व्हतीस आणि मी खंडोबाला हाका मारत व्हते. पाण्याच्या मधोमध आल्यावर त्याला पलीकडं त्याच्या मेंढ्या दिसल्या. तो उभा राहिला, होडी कलली. दोर माझ्या हातात व्हता, हिरे. मी तो सोडला आणि दोन्ही हातांनी तुझी कंबर धरली. तू एका हातानं होडीची कड धरलीस, दुसऱ्यानं माझा दंड, आणि मला आत वढलंस. बाळ्या पाण्यात गेला तो दिसलाच न्हाई. तुझ्या बोटांचे वळ माझ्या दंडावर आठ दिवस व्हते. कुणाला दिसू नयेत म्हणून मी बाही खाली वढून हिंडले.

काठावर मामंजींनी इचारलं, दोर कुणाकडं व्हता. मी मान खाली घालून म्हटलं, हिराकडं. तू माझ्याकडं बघितलंस आणि एक शबूद बोलली न्हाईस. ते म्हणाले, थोरलीच्या हातात असता तर सुटला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी तू तीन दगड उचलून पालाच्या पलीकडं तुझी चूल मांडलीस.

आणि तो द्वाड तिसऱ्या दिवशी आपला आपुन चालत आला. पोहून पलीकडं निघाला व्हता, कुणाच्या तरी हरभऱ्यात दोन दिवस काढून फुगून आला व्हता. त्याला कुणी काय इचारलं न्हाई. मामंजींनी त्याला भंडारा लावला. तवा खरं सांगायची लई चांगली येळ व्हती. पर तुझ्या चुलीवर तवर भाकरी थापली जात व्हती आणि मला लाज वाटली. मंग तुमी डिंगोऱ्याला गेलात. मंग मामंजी गेले, आमचे हे गेले, भावजी गेले. सांगायला कुणी उरलंच न्हाई, असं मी मनाला सांगायची. तू उरली व्हतीस की.

अठ्ठावीस वर्षं मी तुझ्यावर रागावल्यागत वागले, कारण तसं वागलं नसतं तर लोकांनी इचारलं असतं. रागवायचं तुला व्हतं.

आता खोलीचं. पोरांनी मला इचारलं, मंग कुठली ठरवायची? मी म्हटलं, माझ्या एकटीच्या हातात न्हाई. तुला सांगते, माझं काय मत हाये. आपुन बोलणार असू तर ती मधली लहान खोली लई झाली. दोन खाटा, एक खिडकी, जेवायला सगळ्यांच्यात. आपुन दोघी एका पालात चार करडं आणि एक बाळंतीण घेऊन झोपलोय, तिथं काय जागा कमी पडायची. आणि बोलणार नसू, तर ती राजेशाही खोली बी पुरायची न्हाई. गच्चीत तू आलीस की मी आत, मी गच्चीत आले की तू आत, आणि तो बिचारा घड्या लावणारा माणूस मधल्या दारात उभा. पोरांनी कष्टाचे पैसे भिंतीत घालू नयेत, असं मला वाटतं. सात उशा तेवढ्या मला बघायच्या व्हत्या, खोटं कशाला बोलू.

तू न्हाई म्हणालीस तरी मी रागावणार न्हाई, खरंच. ते माझं संपलं. पर न्हाई म्हणायचं असंल तर इथं येऊन, माझ्यासमोर बसून म्हण. आणि जहाजात चढायचं ठरलंच, तर एक आधी सांगून ठेवते. हाताशी कुठला बी दोर दिसला तर मला धरायला लावू नको.

पुढल्या बुधवारी, सव्वीस तारखेला, चंपाषष्ठी, त्या दिवशी खंडोबाला वांगं दाखवलं की चार महिने सोडलेलं आपलं बी वांगं सुटतं. परसातली दोन मोठी तू येशील त्या दिवसासाठी राखून ठेवलीत. मी भाजून सोलून ठेवीन, फोडणी तू घाल, माझी करपते हे तू आल्या आल्याच म्हणशील. एका ताटात घेऊ. चूल एकच पेटवणार हाये.

खोली सांगायला पोरं परत यायची हायेत. राजनंदिनी पुण्याहून येते, आणि स्वराज म्हणालाय, डिंगोऱ्याहून मागल्या सीटवर कुणी असंल तर हळू चालवत येईन. रविवारी, तीस तारखेला, सकाळी.

तुझी थोरली जाऊ, दोर जिच्या हातात व्हता ती,
म्हाळसा