हावरिलुकबाईंचा मॉन्स्टेरा

२ नोव्हेंबर

आले बाई एकदाची. विनिपेगमध्ये अख्खा हिवाळा फुकट राहायला मिळणं म्हणजे लॉटरीच. स्टेफानिया हावरिलुकबाई थंडी पडली की ॲरिझोनाला जातात, इथले निम्मे म्हातारे जातात तशा, आणि घर सांभाळायला कुणाला तरी ठेवतात. यंदा मला. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभं राहून पायांचे खांब होतात माझ्या. इथे बाथटब आहे, फ्रीझर बाईंनी हाताने केलेल्या पिरोगींनी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्यांनी, गच्च भरलाय, आणखी काय हवं?

काम एकच, बैठकीच्या खोलीतला मॉन्स्टेरा जगवायचा. माझ्यापेक्षा उंच आहे. ताटाएवढी भोकाभोकांची पानं आणि खोडातून खाली लोंबणारी दोरीसारखी मुळं. बाईंनी बजावलं की हवा ओलसर ठेवणारं वाफेचं यंत्र रोज भरायचं, आणि त्या लोंबत्या मुळांना हात लावायचा नाही. टीना, तू एकटीच आहेस ना, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, एकटी म्हणजे अगदी सडीफटिंग. त्या हसल्या नाहीत.

११ नोव्हेंबर

आमचं छान जमलंय. मातीत बोट खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी. रविवारी ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचं. नवीन पान गुंडाळलेल्या वर्तमानपत्रासारखं बाहेर आलंय, रोज थोडं उलगडतं. शेजारचे वॉल्टर, निवृत्त पोस्टमन, अंगणातला बर्फ उपसून द्यायला आले होते. खिडकीतून बघून म्हणाले, माझ्या बायकोने चाळीस वर्षांत माझं तोंड इतक्या प्रेमाने पुसलं नाही, पुढच्या जन्मी मला कुंडीत घाल. मी खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

२६ नोव्हेंबर

लेनी आली. डॅरनला अल्बर्टात तेलाच्या विहिरीवर काम मिळालं म्हणून त्याने आजवर त्याच्याकडेच राहणाऱ्या आमच्या सात वर्षांच्या पोरीला बॅगेसकट दारात आणून उभं केलं आणि इंजिनही बंद न करता निघून गेला. नवरा असताना तरी कुठे थांबायचा? असो. पोर माझ्याजवळ आहे, मला तेवढं पुरे. तिला मॉन्स्टेरा फार आवडला, भोकांतून डोळा लावून माझ्याकडे बघत बसते.

बाईंना कळवायला हवं. आज अंगात त्राण नाही, उद्या कळवते.

९ डिसेंबर

उणे तीस. बैठकीच्या खिडकीतून गारठा येतो, झाडाची दोन पानं पिवळी पडली. वॉल्टरना हाक मारली आणि दोघांनी मिळून कुंडी ओढत लेनीच्या खोलीत नेली. तिथे दक्षिणेची खिडकी आहे, गरम हवेची जाळीही जवळ आहे. लेनीने टाळ्या वाजवल्या. वाफेचं यंत्र मात्र घरघर करून बंदच पडलं. नवीन आणायला हवं. पण कामावरून आले की बूट काढायचीही शुद्ध नसते.

१७ डिसेंबर

आज सकाळी पानांच्या टोकांना थेंब लोंबत होते. टप टप खाली पडत होते, लेनीची उशी ओली. पाणी जास्त झालं की ही झाडं अशी पाझरतात, यात नवल काही नाही. पण मी गेला आठवडाभर पाणी घातलेलंच नाही, विसरले होते. बोट खुपसून पाहिलं तर माती ठणठणीत कोरडी.

लेनीचे ओठ फुटलेत. हिवाळ्यात कुणाचे फुटत नाहीत? मलम लावलं.

२७ डिसेंबर

लेनी पाणी पिते, पिते, पेला खाली ठेवते आणि पुन्हा मागते. गाल आत गेलेत. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. म्हणाले, बंद घरातली कोरडी हवा, वाफेचं यंत्र लावा. मी मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या हासडल्या आणि येताना यंत्र घेऊन आले. दिवसभर चालू आहे. खिडकीच्या काचा घामेजल्या, झाडाला दोन नवी पानं फुटली. लेनी तशीच.

२ जानेवारी

लेनी रडली. डोळ्यांत पाणी आलंच नाही. नुसता आवाज.

तिला दुसऱ्या खोलीत झोपवलं. तासाभरात तिला उभं राहवेना. परत आणलं झाडाजवळ, तर उठून बसली आणि म्हणाली मम्मा, भूक. तिचा हात पांघरुणातून काढला तर लोंबतं मूळ मनगटाला गुंडाळलेलं. सोडवलं. मूळ ओलं होतं आणि कोमट, अंगाइतकं कोमट.

मी फार थकले आहे. कदाचित मला काहीबाही दिसतंय.

४ जानेवारी

नाही. दिसतंय ते खरं आहे.

कुंडी मागच्या दारापर्यंत ढकलली. म्हटलं थंडीत मरू दे मेलं. दार उघडलं. बर्फाळ वारा आत आला, बाहेरच्या पानाची कड बघता बघता काळी पडली. आणि आतून लेनी किंचाळली. गरम खोलीत, दोन पांघरुणांखाली, तिची बोटं निळी.

दार लावलं. कुंडी मीच परत आत ओढली. तिच्या बोटांवर फुंकर घालत बसले. हळूहळू गुलाबी झाली. त्या पानालाही पुसलं मी. कुरवाळून पुसलं.

६ जानेवारी

बाईंचा फोन. उद्या त्यांचा जुन्या पंचांगाचा नाताळ. आधी विचारलं झाड कसं आहे, नेहमीसारखं. मी सगळं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, तू तर एकटी म्हणाली होतीस गं.

मग सांगितलं. घरात दोन माणसं असली की ते एकाला धरतं, जे जास्त कोवळं असेल त्याला. त्यांच्या तरुणपणी त्यांनाच धरलं होतं. तोडलं तर माणूस जातं. सोडवायचा एकच मार्ग, दुसऱ्याने ते मूळ आपल्या मुठीत घ्यायचं, आपण होऊन, आणि सोडायचं नाही. त्यांच्या नवऱ्याने, पेट्रोने, घेतलं. पिंपासारखा माणूस, वसंतापर्यंत काटकी झाला आणि गेला. त्यात माझा पेट्रो आहे, कशी टाकू मी ते, असं म्हणून बाई रडायला लागल्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. माझ्यात तेवढं उरलेलं नाही.

मागे वळले तर लेनी दारात उभी. किती ऐकलं होतं कोण जाणे.

७ जानेवारी

घेतलं मुठीत. डाव्या. उजव्याने लिहितेय.

दुखत नाही. थकवा येतो, पण थकव्याची मला सवय आहे. आयुष्यभर कुणी ना कुणी मला पीतच आलंय, हे निदान पोरीच्या कामी येतंय.

८ जानेवारी

लेनीने पिरोगी खाल्ल्या, आणखी मागितल्या. घरभर पळतेय. वॉल्टर खोलीच्या दारातूनच म्हणाले, पोरगी उड्या मारतेय आणि आईचं तोंड का असं वाळलेल्या सफरचंदासारखं. म्हटलं, फ्लू. स्टाइनबाखला राहणाऱ्या माझ्या आईला फोन करायला सांगितला त्यांना. उद्या येऊन लेनीला घेऊन जाईल.

जीभ लाकूड झाली. पाणी पिते, कुठे जातं—

९ जानेवारी

आई निघाली म्हणे. बर्फ आहे, उशीर होईल.

लेनीला सांगितलं या खोलीत यायचं नाही. दारापलीकडे बसलीय. तिचं रडणं ऐकू येतंय. मम्मा मरणार का, विचारते. नाही म्हटलं. आवाज फुटला नाही नीट.

आईची गाडी आली की झालं. तेवढंच—

डोळा लागला होता. डावा हात हलका का—

लेनी. पलंगाशी. मूळ तिच्या दोन्ही हातांत. हसतेय माझ्याकडे. म्हणते मी आपण होऊन घेतलं मम्मा, तू पाणी पी आता.

ओढते, सुटत नाही. सोड म्हणते, सोडत नाही, माझ्यावरच गेलीय, हट्टी—

माझ्या तोंडात ओल येतेय. नको. नको, जिभेवर पाणी—