पूजेतला गुण्या

आबा, आज तुमची चौकट मी कॉम्प्युटरवर काढली आणि मुद्दाम वाकडी केली. नात दारं-खिडक्यांची ड्रॉइंगं यावरच काढते, तिनं मला शिकवलं. चार रेघा ओढायच्या, खालची जागेवर खिळवायची, प्रत्येकीला लांबी द्यायची. तीन फूट, सहा फूट, परत तीन, परत सहा. एवढी मापं दिली तरी रेघा निळ्याच राहतात, म्हणजे अजून मोकळ्या. वरचा कोपरा धरून ओढला की अख्खी चौकट कलते आणि माप एकही बदलत नाही. मग एका कोपऱ्याला काटकोनाची अट घालायची. रेघा काळ्या होतात, चौकट हलायचं नाव घेत नाही. मला हे पाच मिनिटांत कळलं, कारण सातवीत असतानाच कळलेलं होतं.

तो दिवस अजून समोर दिसतो: म्हसावदच्या पाटलांच्या नव्या घराची सागवानी चौकट आपल्या अंगणात आडवी पडली आहे. तुम्ही आजोबांचा काटकोन तपासायचा लाकडी गुण्या कोपऱ्याला लावून मान डोलावताय. दर दसऱ्याला आपण त्याला हळदकुंकू वाहायचो, पण तो स्वतः काटकोनात आहे का, हे तीन पिढ्यांत कुणी तपासलं नव्हतं. मी सुतळीनं चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या तरी कर्ण सारखे नसतील तर काटकोन नाही, हे शाळेत शिकवलं होतं. सव्वा इंचाचा फरक निघाला. "आबा, सुतळी लाई दखा, गुण्या चुकी ऱ्हायना," मी म्हटलं. "तू माले शिकाडी ऱ्हायनी का?" म्हणत तुम्ही सुतळी हिसकावलीत आणि लाकूड चिकटवायचा सरस शिजवायच्या चुलीत टाकलीत.

चौकट भिंतीत गेली, दार काही बसेना. पाटील अंगणात येऊन उभे राहिले, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "पोरनी गुण्या वलांडा, म्हनीसन चौकट बिघडनी." बाईमाणसानं हत्यार ओलांडलं की काम नासतं, हे सगळ्यांना लगेच पटलं. नाही ओलांडला म्हणून मी रडून रडून सांगितलं. "उद्यापाईन हिनी साळा बंद," एवढंच तुम्ही बोललात, आणि भूमितीत वर्गात पहिली येणारी मी दुसऱ्या दिवसापासून तुमचा भुसा झाडू लागले. तुम्ही गेलात तेव्हा सगळे रडले. मी नाही रडले.

आज सूड घेतला. तुमच्या काटकोनाच्या जोडीला मी तेव्हा मोजलेला कर्णही घातला. सगळं लालभडक. यंत्र म्हणतं, हे दोन्ही एकत्र खरं असू शकत नाही, एक काढा. मी तुमचा काटकोन काढला. चौकट कलली, अंगणात होती अगदी तशी. पुन्हा घातला, पुन्हा काढला. दहा-बारा वेळा केलं. "आजी, पुरे की आता," नात म्हणाली. तुमची जिरवायची तर तुम्ही समोर हवे होतात, तेवढं मात्र राहिलं.

पत्र कुठं पाठवणार? शिवणाच्या डब्यात ठेवते. आणि एक सांगायचं होतं. गुण्या मी खरंच ओलांडला होता. तुम्ही सुतळी चुलीत टाकलीत, त्यानंतर. रागानं, दोनदा. पण चौकट तोवर ठोकून झाली होती, आबा.