दोन हातांचं म्यान

दि. ९ नोव्हेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

घडलं ते क्रमाने असं:

१. चालण्याचा सहावा दिवस, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. मी कड्यावरच्या साखळीच्या टप्प्यात होते. दाट धुकं. बारा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं.
२. मागून पावलं ऐकू आली. मी थांबले. पावलं थांबली नाहीत, उलट वाढली.
३. धुक्यातून एक उंच माणूस धावत आला. त्याच्या उजव्या हातात हातभर लोखंड होतं.
४. माझा डावा हात साखळीवर होता. उजव्या हाताने मी कमरेची सुरी ओढली.
५. म्यान उघडलं नाही.
६. मी साधारण चार सेकंद झटत होते. तेवढ्यात त्याने धापा टाकत सांगितलं की पुढे जाऊ नकोस, पुढचा बोल्ट सुटलाय.
७. त्याने माझ्या कमरेला दोर अडकवला आणि मला अकरा पावलं मागे आणलं. तेव्हा आमच्यात हातभरही अंतर नव्हतं.
८. साखळी खडकाला धरून ठेवणारा तो बोल्ट तपासला. तीन आटे धरून होते, बाकी सगळे बाहेर.
९. कुणालाही इजा नाही. माझा उजवा अंगठा मुरगळला, तो म्यानाशी झटताना.

त्याच्या हातात पाना होता, मामा. तो त्या वाटेची देखभाल करणारा फिटर. त्याने साखळीच्या सुरुवातीला लाल पाटी लावली होती आणि तो खालच्या निवाऱ्यात पाना आणायला गेला होता. तेवढ्यात वाऱ्याने पाटी पडली. परत आला तर पाटी जमिनीवर आणि चिखलात माझ्या बुटांचे ताजे ठसे. म्हणून धावला.

आता म्यानाबद्दल. त्याला दोन्ही बाजूंना एकेक खटका आहे आणि दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय ते उघडत नाही. म्हणजे दोन हात लागतात. हे मी कुठेतरी पाहिलंय असं मला वाटत होतं. परतीच्या बसमध्ये आठवलं. तुझ्या वर्कशॉपमधल्या प्रेस मशीनची बटणं अशीच आहेत. दोन्ही हात बटणांवर असतील तरच साचा खाली येतो, म्हणजे हात साच्याखाली राहूच शकत नाही. तू मला स्वसंरक्षणाचं हत्यार दिलंस आणि त्याला कामगाराच्या बोटांचं संरक्षण बसवलंस.

चूक तुझ्या एकट्याची नाही. मी निघण्याआधी ते म्यान टेबलावर चाळीस वेळा उघडून पाहिलं होतं, सरासरी एक पूर्णांक दोन सेकंद. दोन्ही हात मोकळे ठेवून. दिवसभर दोर आणि हुक तोडून त्यांची ताकद मोजणाऱ्या बाईने एक हात अडकलेला असताना काय होईल हे तपासलं नाही. प्रयोगशाळेत माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर सुनावलं असतं.

वाटेचे शेवटचे चार दिवस चालायचे राहिले, कारण साखळी दुरुस्त होईपर्यंत वाट बंद आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडेल. मी जाणार आहे. आईला अजून काही सांगितलेलं नाही. तू तिला शब्द दिला होतास की पोरगी हत्याराशिवाय जाणार नाही, म्हणून आधी तुला लिहिते.

अक्षर अंगठ्यामुळे वाकडं आलंय, दुसरं काही नाही. पण खरं सांगायचं तर गेले तीन दिवस मी जिने दोन-दोन पायऱ्या एकदम चढते आहे. का ते माहीत नाही.

मामीला नमस्कार. तुझी माया मी मोजत नाही, ती आहे तेवढी असू दे.

तुझी,
मोजपट्टी


दि. १३ नोव्हेंबर

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी ग्राइंडरपाशी उभ्याने वाचायला घेतलं. पाचव्या मुद्द्याला खाली बसलो, सातव्याला पुन्हा उभा राहिलो. मामीने हातातून कागद घेतला, वाचला आणि विचारलं की भाची पत्र लिहिते की पंचनामा करते. मग आत जाऊन बराच वेळ नाक पुसत होती. सर्दी झालीय म्हणाली.

पोरी, मला लाज वाटली. तीसहून जास्त वर्षं हत्यारं घडवतो आणि भाचीला दिलेलं म्यान वेळेला उघडत नाही. कारखान्यांची शंभर गिऱ्हाइकं माझं काम डोळे मिटून घेतात. हे त्यांना कळलं तर तोंड लपवायची वेळ. सोबतच्या पार्सलात नवीन म्यान आहे, दोन रात्रींत नव्हे, दोन दुपारींत केलं, मामी रात्री काम करू देत नाही. अंगठ्याने एक स्प्रिंग दाबायची, झालं. झोपेतही उघडशील. मी इतका खूश झालो की शेजारच्या लेथवाल्याला दहा वेळा उघडून दाखवलं. अकराव्या वेळी तो म्हणाला की आता बास, मला जेवायला घरी जायचंय.

आता माझं ऐक. तुला भेटला तो देवमाणूस निघाला, मान्य. पण हातात लोखंड घेऊन मागे धावणारा दर वेळी फिटर नसतो. तू चार दिवस एकटी जाणार, हाकेच्या अंतरावर कुणी नाही. ताईला मी शब्द दिलाय, आणि ताईला दिलेला शब्द मोडला की काय होतं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. ती ओरडत नाही. ती बोलणं बंद करते. माझ्या सायकलीपायी एकदा सात महिने बंद होतं.

आणि मला सरळ उत्तर दे. तू आकडे लपवत नाहीस म्हणून विचारतो. त्या सहा दिवसांत ती सुरी जवळ आहे याचं एकदाही बरं वाटलं नाही का?

अंगठा गरम पाण्याने शेक. जीव लावतेस तसाच लावत राहा, आणि जिने सावकाश चढ.

तुझा,
मामा


दि. १७ नोव्हेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. म्यान सुरेख आहे. या वेळी नीट तपासलं: एका हाताने, हातमोजा घालून, डावा हात खिडकीच्या गजाला धरून, डोळे मिटून. तीस वेळा. सरासरी शून्य पूर्णांक सहा सेकंद. एकदाही अडकलं नाही.

हाच घोटाळा आहे, मामा.

फिटरकाकांनी धापा टाकत जे सांगितलं त्यात सात शब्द होते. मी आठवून, तितकीच धाप लागलेली असताना, घड्याळ लावून म्हणून पाहिले. (त्यासाठी चार मजले धावत चढले. घरमालकीणबाईंनी दार उघडून विचारलं की आग लागलीय का.) साडेतीन सेकंद लागतात. तुझ्या पहिल्या म्यानाने त्यांना चार सेकंद दिले. हे नवीन त्यांना शून्य पूर्णांक सहा देतं. तेवढ्यात एक शब्द होतो. त्यांचा पहिला शब्द होता ‘ए’.

हातात पातं आणि समोर धावत येणारा माणूस एवढ्यावर मी काय केलं असतं हे मला नक्की ठाऊक आहे, कारण मी ते करायलाच निघाले होते. त्यांना लागलं असतं. आणि नसतं लागलं, ते नुसते मागे सरले असते, तरी मी पळायला पुढे गेले असते. पुढे तीन आटे होते.

आता तुझं उत्तर. हो, एकदा बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी एका रिकाम्या निवाऱ्यापाशी एक माणूस बसला होता. मी पुढे गेल्यावर तो उठला आणि माझ्या मागे चालू लागला. दीड किलोमीटर. मी थांबले की तो थांबायचा. मी सुरीवर हात ठेवला आणि चाल सोडली नाही. फाट्यावर तो दुसरीकडे वळला. तो कोण होता, त्याच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. सुरी नसती तर मी पळत सुटले असते आणि कदाचित पडले असते. तेव्हा हा आकडा तुझ्या बाजूला लिही. मी तो खोडणार नाही.

फिटरकाकांना मी रविवारी खालच्या गावात जाऊन भेटले. त्यांचं म्हणणं असं की चालणाऱ्यांनी त्यांच्यावर दोनदा तिखटाचा फवारा मारलाय आणि एकदा काठी. त्यातली एक बाई नंतर निवाऱ्यात त्यांच्याच हातचा चहा पिऊन गेली. तेव्हापासून ते वळणाआधी पन्नास पावलांवरून ओरडतात की फिटर येतोय, फिटर. मधल्या वेळात बेसूर गातात. त्या दिवशी धावताना श्वासच उरला नव्हता म्हणून ओरडता आलं नाही. मी सुरीपर्यंत हात नेला होता हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले की दिसलं होतं, म्हणूनच तर दोर आधी टाकला, एका हाताला काम लागलं की माणूस शांत होतो. आणि हसले. मी हसले नाही, पण हसू येत होतं.

एक विचारायचं राहिलं. तू पक्का कारागीर. हत्यार कशासाठी असतं हे तुला कुणी शिकवायला नको. मग पहिल्या म्यानाला दोन खटके कसे बसले? हे मी दोष द्यायला विचारत नाही. चूक का झाली ते सापडलं नाही की मला झोप लागत नाही, एवढंच.

अंगठा बरा. मामीच्या सर्दीची चौकशी केलीय असं सांग. आहे तो जिव्हाळा राखून ठेव.

तुझी,
मोजपट्टी


दि. २१ नोव्हेंबर

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू कारण विचारलंस आणि मी दोन दिवस कागद समोर घेऊन बसलो.

माझी डाव्या हाताची दोन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. ताईलाही तेच ठाऊक आहे. ती तिथे गेली नाहीत. एकतीस वर्षांपूर्वी मी त्याच वाटेवर गेलो होतो, एकटाच, तुझ्यासारखा. खिशात घडीची सुरी, मीच केलेली, तिचा तोरा केवढा. संध्याकाळी निवाऱ्यात पोचलो तर आत दोघं होते. एकजण काड्यापेटी मागायला माझ्याकडे आला. त्याचा हात पुढे आलेला दिसला आणि मी सुरी उघडली. तो बिचारा घाबरला, त्याने माझं मनगट धरलं, झटापटीत सुरी मिटली ती माझ्याच बोटांवर. पातं मीच लावलं होतं, धार चोख होती.

त्या दोघांनी मला आळीपाळीने पाठीवर घेऊन नऊ तासांत खाली आणलं. एकजण शाळेत चित्रकला शिकवायचा. तो वाटभर माझीच माफी मागत होता.

घरी आल्यावर प्रेस मशीन म्हणून सांगितलं. लोकांना पटावं म्हणून त्याच आठवड्यात त्या मशीनला दोन बटणं बसवली. मग दुसऱ्याला, मग दिसेल त्याला. खोटं निभवायला सुरू केलं आणि पुढे तेच माझं नाव झालं. लांबून लोक यायचे, म्हणायचे, बोटं वाचवणारा मिस्त्री. तुझं म्यान करताना मी काही ठरवलं नव्हतं. हात करत गेले. पॉलिश झाल्यावरही माझ्या लक्षात आलं नाही, तुझं पत्र येईपर्यंत.

हे मामीला कालच सांगितलं. ती म्हणाली की तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे, मी तापात बडबडलो होतो. एकोणतीस वर्षं गप्प बसली. आमच्या घरच्या बायका.

एवढं होऊनही मी म्हणतो की सुरी ने. तुझा तिसरा दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मला हे नीट जुळवून सांगता येत नाही. तुझ्या सुरीपुढे आलेलं फिटरचं पोट एका बाजूला आणि तो दीड किलोमीटर दुसऱ्या बाजूला, आणि मधे तू. मी त्या वाटेला पुन्हा पाय लावलेला नाही.

तुझ्यावर भरवसा आहे, वाटेवर नाही. लोभ आटवू नकोस.

तुझा,
मामा


दि. २४ नोव्हेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्याबद्दल समोर बसून बोलू. इथे फक्त एवढं लिहिते की नऊ तास माणूस पाठीवर घेऊन उतरणं म्हणजे काय असतं हे मला ती वाट चालून आल्यावर समजतं. ते दोघं फार चांगले चालणारे असले पाहिजेत.

मी सुरी नेणार नाही. दीड किलोमीटरचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते शोधायला आठवडा लागला. त्या दुपारी मला सुरी नको होती, सोबत हवी होती. सोबत नव्हती म्हणून सुरी बरी वाटली. तेव्हा मी एकटीही जाणार नाही.

काल आईला सगळं सांगितलं, साखळी, पाना, म्यान. तुझी बोटं सोडून. ती तुझी गोष्ट आहे, तूच सांग. आई आधी गप्प झाली, मला वाटलं सात महिने गेले. मग म्हणाली की त्याने शब्द दिला होता तो हत्याराचा नव्हे, माझ्या पोरीचा, आणि त्याला तेवढाही फरक कळत नाही म्हणून तो धाकटा. मग विचारलं की बरोबर कोण आहे. मी म्हटलं की एकाला विचारते आहे.

आता महत्त्वाचं, आणि हे लिहिताना मी खोलीत दोन फेऱ्या मारून आले आहे. फिटरकाकांनी काल फोन केला. त्या कड्यावर दोनशे बारा बोल्ट आहेत आणि ते बसवल्यापासून कुणी एकदाही ओढून तपासलेले नाहीत. मी प्रयोगशाळेतून ताण मोजायचं छोटं यंत्र न्यायची परवानगी काढली आहे, आजच सही झाली. मी प्रत्येक बोल्ट ओढणार, आकडा लिहिणार, नापास होईल त्याला लाल रंग. नापास बोल्टांच्या खडकातल्या लोखंडी नळ्यांत नव्याने आटे पाडावे लागतील. फिटरकाकांना जुने घट्ट करता येतात, आटे पाडता येत नाहीत. त्यांनी विचारलं की असा कुणी माहितीत आहे का, हात स्थिर असलेला आणि धुक्यात वाट बघण्याइतका धीर असलेला. बोटांची संख्या त्यांनी विचारली नाही.

चढ मी मोजला आहे. दिवसाला पाच तास, तुझ्या गुडघ्यांसाठी सहा. ओझं मी उचलेन, तू फक्त तुझी आटे पाडायची हत्यारं घे, अडीच किलोच्या आत. वळणाआधी ओरडत जायचं, हा तिथला नियम आहे. काय ओरडायचं ते तू ठरव.

निघणं ४ डिसेंबरला सकाळी सहा वाजता, परत ९ ला. निवाऱ्यात तीन खाटा आहेत, तिसरी फिटरकाकांनी शनिवारपर्यंत धरून ठेवली आहे. मामीला नमस्कार, तिला आधीच माहीत असेल.

येणार की नाही, ते शुक्रवार दि. २८ पर्यंत कळव.

तुझी,
मोजपट्टी