सरावाच्या दिवशीचं दार

दादा,

शिकारीच्या बंदुकीच्या परवान्यासाठी तू राहतोस त्या देशातल्या पोलिसांनी आठ महिने खेटे घालायला लावले, वहिनीलाही खोदून खोदून विचारलं, म्हणून केवढा तणतणलास! इकडे माझ्या या देशात शाळेसमोरच्या दुकानात अर्ध्या तासात बंदूक मिळते, आणि गोळीबार झाला तर लपायचं कसं, हे मी पहिलीच्या मुलांना शिकवते.

काल सराव होता. कुलूप लावल्यावर वर्गाचं दार कुणासाठीही उघडायचं नाही, हा नियम. बाथरूमला गेलेली एक चिमुरडी बाहेरच राहिली, रडत दार ठोठावत होती. मी उघडलं नाही. मुख्याध्यापकांनी शाबासकी दिली. डोंबलाची शाबासकी!

शाळा सुटताना तिने विचारलं, "बाई, खरंच कुणी बंदूक घेऊन आलं, तर मला दार उघडाल ना?"

"हो गं," म्हणाले. पोलिसांनी वहिनीला विचारलं तसं तिने मला खोदून विचारलं नाही, म्हणून वाचले.

हे पत्र कधीच पोस्टात न टाकणारी,
तुझी धाकटी