दोन चुलींचं संघराज्य

मु. पासली, श्रावण वद्य ५, सन १९३८

चि. गेनूस कोंडिबाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

हितं समदी खुशाल, भांडणबी खुशाल. तुजी मंडळी फुलाबाई आन तुजी वहिनी ठकू यांचं आमटीतल्या मिठावरनं बिनसलंय. फुलाबाई येगळी चूल मागती. दुसरी चूल पेटली म्हंजी घर फुटलंच की. माजा जीव लई घाबरा झालाय. तू भोरच्या कचेरीत शिपाई, शाण्यांच्या दारात उभा असतोस, कायतरी तोड काढ.

लोभ उतू जाऊ देऊ नये.

मु. भोर, भाद्रपद शुद्ध २

तीर्थरूप दादांचे चरणी गेनूचा दंडवत वि. वि.

तोड घावली. कचेरीत येकच बोलणं चाललंय, आमचं संस्थान आन तुमचा इंग्रजी मुलूख येका छपराखाली येऊन संघराज्य व्हायचंय. ज्येचा कारभार त्येच्या घरात, मोजक्या गोष्टी वरच्या सरकारात. आपन तेच करावं. चुली दोन. म्हस आमच्या मंडळीकडं, कोंबड्या वहिनीकडं, लोणचं दोघींकडं, पाहुणे सामाईक. वरचं सरकार तुमी. राजेलोक अजून अडून बसल्यात, तवर आपन पुढं जाऊ.

लोभाला अंतर पडू नये.

मु. पासली, आश्विन शुद्ध ८

चि. गेनूस आशीर्वाद वि. वि.

तुजं संघराज्य झालं. लोणच्यात दोघींनी आपापल्या हक्कानं मीठ घातलं, आता बरणीला कुणी शिवत न्हाई. पाहुणे दोन्ही चुलींवर जेवून गेले. वरच्या सरकाराला मातर कुणीच वाढीना. म्या चुरमुऱ्यावर दीस काढले.

म्हस तर ठकूच्या हाताची. फुलाबाईला जवळ येऊ देईना. शेवटाला तिनं ठकूचं लुगडं मागून नेसलं. म्हस फसली, आन म्याबी फसलो.

गोठ्यात पाठमोरं लुगडं बगून म्हणलो, “फुला वाईट न्हाई गं. धनी परमुलखात, येकटं वाटतं तिला. ती येगळी निघाली तर ह्या घरात माजं मन लागायचं न्हाई.” पाठमोरीनं डोळ्याला पदर लावला आन दुधाची कासंडी तितंच ठेवून गेली, तवा कळलं. भासऱ्यानं भावजयीशी असं बोलावं! लाजंनं म्या दुपारपत्तूर माळ्यावर बसलो.

खाली आलो तर येकच चूल पेटलेली. दोघी शेजारी बसून भाकरी थापत हुत्या. आमटी अळणी. मीठ आधी दुसरीनं घालावं म्हणून दोघीबी थांबलेल्या. म्या पोटभर प्यालो.

फुलाबाईनं ठकूकरवी निरोप दिलाय. समदे मिळाले, येक संस्थान तेवढं भोरात अडून बसलंय. त्येनं भातकापणीला घरी यावं, न्हाईतर दुसरी चूल अजून मोडलेली न्हाई.

लोभाची चूल येकच असावी.