पाणी गेलं कुठे?

१२ ऑगस्ट, रविवार

ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, भाचीला गोड पापा. बेकरीची नवी भट्टी कशी चालतेय? माझ्या येण्याचं लिहितेच, पण आधी शाळेतली गंमत ऐक.

यंदापासून विज्ञान इंग्रजीतूनच शिकवायचं, असा वरून हुकूम आलाय. तेव्हापासून मी पुस्तक वाचायची, पोरं माझ्यामागून म्हणायची. "समजलं का?" असं इंग्रजीत विचारलं की एका सुरात "येस टीचर!" "कोण सांगेल?" विचारलं तरी "येस टीचर!" हसू नकोस, मला रडू यायचं.

परवा तपासणीला साहेब आले. धडा बाष्पीभवनाचा. शेवटच्या बाकावरच्या चिमणीने (एवढीशी आहे, म्हणून चिमणी) इंग्रजी व्याख्या घडाघडा म्हटली. मुख्याध्यापक खूश! मग साहेबांनी इंग्रजीतच विचारलं, ओले कपडे वाळतात तेव्हा पाणी जातं कुठे? तिने पुन्हा तीच व्याख्या म्हटली आणि मान खाली घातली. डोळे भरलेले.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, आपल्या भाषेत सांग. दोरीवरच्या कपड्यांतलं पाणी गेलं कुठे?"

"हवेत, बाई! पण एकदम नाही, चोरपावलांनी!"

मग काय विचारतेस! एक म्हणे, वारा असला की लवकर वाळतात. दुसरी म्हणे, म्हणूनच ओल्या अंगाला गार वाटतं. एकाची घरची भाषा मला येत नाही. तो हातवारे करत त्याच भाषेत बोलला आणि शेजारणीने मला समजावलं: पसरलेला टॉवेल घडीच्या टॉवेलाआधी वाळतो!

"बाई, हे कुठल्या भाषेत चाललंय?" साहेबांनी विचारलं.

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला.

"ज्या भाषेत कळतंय त्या, साहेब."

तर साहेब खुर्ची पुढे ओढून मुलांना आपल्याच भाषेत म्हणाले, "मग थंडीत तोंडातून वाफ का दिसते रे?" घंटा झाली तरी कोणी उठेना!

हुकूम काही बदललेला नाही. पुस्तक इंग्रजी, परीक्षाही इंग्रजी. पण शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, आधी मुलांच्या भाषेत समजवा, मग इंग्रजीत मांडा. काल चिमणीने स्वतःच्या मनाने इंग्रजी वाक्य केलं. मोडकंतोडकं, पण तिचं स्वतःचं!

आता मुद्द्याचं. राजीनामा लिहून तयार होता, पुढच्या महिन्यापासून तुझ्या गल्ल्यावर बसायचं ठरलं होतं. येत नाही, ताई. दुसरं कोणी बघ.

आणि आणखी एक, कधीपासून मनात आहे. तू आठवीत होतीस तेव्हा शाळा इंग्रजी झाली आणि वर्षभरात तू घरी बसलीस. "पोरीला डोकंच नाही," सगळे म्हणाले. तूही ते खरं मानलंस, अजून गिऱ्हाइकांना हसत हसत सांगतेस. पण वर्गात मुकी बसणारी तू संध्याकाळी मला अंगणात उभी करून सावली लांब का होते ते शिकवायचीस. परवा चिमणी बोलली आणि मला तू दिसलीस. डोकं होतं गं ताई, चांगलं तल्लख होतं. तुला कळेल असं कुणी विचारलंच नाही.

यापुढे तसं कुणाला सांगू नकोस. माझी शपथ आहे.

तुझी पहिली विद्यार्थिनी,
धाकटी